करोडगिरीचं घर विकणे आहे, वहिवाट चालू

रिटायर झाल्यापासून आमच्या ह्यांनी मागितलेली पहिली वस्तू म्हणजे जामखेडच्या पलीकडचं एक पडकं घर. त्याआधी हा माणूस काही मागतच नव्हता. भाजी काय करू? "काहीही." पंखा लावू का? "चालेल." लेकीकडे जाऊन येऊ या का? "जाऊ की." असं उत्तर ऐकून ऐकून बायको वेडी होईल की नाही, तुम्हीच सांगा!

ह्यांची उभी हयात पुण्याच्या वेशीवरच्या जकात नाक्यावर गेली. ट्रक थांबवायचा, "काय माल आहे?" विचारायचं, पावती फाडायची. मग एक दिवस जकातच बंद झाली. ह्यांना जन्म-मृत्यूच्या दाखल्यांच्या खिडकीत नेऊन बसवलं. तिथं विचारायचं कुणाला? जन्मलेला सांगत नाही आणि मेलेला तर त्याहून नाही. तिथूनच रिटायर झाले आणि घरी येऊन गप्प बसले.

तर अशा माणसानं एका सकाळी चहा गार होऊ देत माझ्यापुढं मोबाईल धरला. जाहिरात होती. 'ऐतिहासिक दगडी इमारत. निजामाच्या काळातला करोडगिरीचा नाका. दोन भव्य दरवाजे, विहीर, कौलं बदलावी लागतील. वहिवाट चालू. साडेसहा लाख.'

करोडगिरी म्हणजे निजामाची जकात. जामखेडच्या बाजूला एक गाव इंग्रजांचं, त्याला लागून दुसरं मोगलाईतलं, म्हणजे निजामाचं, अशी सगळी खिचडी होती म्हणे. "म्हणजे नाकाच आहे गं हा," हे म्हणाले, आणि ह्यांचा आवाज चक्क वर चढला. साडेसहा लाखांत पुण्यात गाडी लावायला जागा मिळत नाही हे मलाही कळतं. पण आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो, बिल्डिंगला लिफ्ट नाही आणि माझे गुडघे बोलायला लागलेत. साठवलेल्या पैशांत लिफ्टवाला फ्लॅट घ्यायचं ठरलेलं होतं. दोन्ही होणार नव्हतं. तेव्हा मी मनाशी पक्कं केलं: जायचं, घर बघायचं, नाही म्हणायचं, आणि येताना खव्याचे पेढे घेऊन यायचं.

दसरा नुकताच झाला होता. ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी रस्ता सांगते. सोलापूर रोडनं भिगवण, तिथून डावीकडं राशीन, मग कर्जत. राशीनला देवीचं दर्शन घ्या, पायऱ्या झेपण्यासारख्या आहेत. जेवायला कर्जतला थांबा आणि शिपी आमटी खा. लालभडक कट, बरोबर बाजरीची भाकरी, दोघांचं मिळून तीनशेच्या आत. रुमाल मात्र मोठा न्या, डोळे, नाक, कपाळ सगळं एकदमच गळायला लागतं. ह्यांनी दोन वाट्या आमटी मागून घेतली. मागून! मी वाढप्याकडे बघितलं, पण त्या बिचाऱ्याला त्यात नवल वाटायचं काय कारण?

माहीजळगाव ओलांडून जामखेडपर्यंत रस्ता बरा. पुढं चौकीवाडीचा फाटा मॅपवर सापडत नाही, तो टपरीवर विचारावा लागतो. टपरीवाल्यानं आम्हाला वरून खालपर्यंत बघितलं. "नाका घ्यायला आलाय व्हय? जावा, जावा. चांगली हायेत मानसं." कोण चांगली, गावची की आम्ही, ते काही कळलं नाही.

घर दिसलं आणि खरं सांगते, मला ते आवडलं. राग आला स्वतःचाच. एका बाजूला टेकाड, दुसऱ्या बाजूला खोल ओढा, आणि मधल्या खिंडीत बूच मारल्यासारखी ही लांबट काळ्या दगडाची इमारत. मावळतीला एक दार, उगवतीला दुसरं, दोन्ही समोरासमोर, भरलेली बैलगाडी जाईल एवढी रुंद. मध्ये लांबलचक खोली, तिच्यात एक दगडी ओटा, ओट्यावर एक खुर्ची. डावी-उजवीकडं एकेक खोली, एक स्वयंपाकाची, एक निजायची. अर्धी कौलं गेलेली. संडास बाहेर, पण नवा.

घराचे मालक बाळासाहेब जामखेडहून मोटरसायकलवर आले. चाळिशीचा माणूस, मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, खिशात चार स्क्रूड्रायव्हर. "ह्या दाराला इंग्रज, त्या दाराला मोगलाई," त्यांनी हात पसरून दाखवलं. "चहा घेता का?"

तेवढ्यात गावाकडून वडापची, शिटा भरून नेणारी जीप आली. मागच्या बाजूनं डांबरी रस्ता आहे, टेकाडाला वळसा घालून जातो. जीप त्या रस्त्यानं निघून गेली, पण आधी दारापाशी थांबून आतली सगळी माणसं उतरवून. ती माणसं पिशव्या, बोचकी घेऊन सरळ घरात शिरली. मला वाटलं, घर बघायला आणखी गिऱ्हाईक आलंय. तर नाही. ती एकामागं एक ओट्यापुढं उभी राहिली, बाळासाहेब चहा ठेवून खुर्चीवर जाऊन बसले, आणि चक्क विचारायला लागले, "काय नेताय?"

"एक शेळी," पहिला म्हणाला. "बाजाराला. शेळीला सांगितलेलं न्हाई."

"सोडलं," बाळासाहेब म्हणाले. तो गेला दुसऱ्या दारानं.

पुढं एक सून होती. "दोन साड्या, करंज्यांचा डबा, आन् माहेरी सांगायला सासूबद्दल लई काय काय." मागं सासूच उभी. "मी पोचवायला आलेय," ती म्हणाली. "मला समदं म्हाईत हाय." दोघींनाही सोडलं. मग शाळेचे गुरुजी आले, "रजेचा अर्ज. पोट दुखतंय म्हणून लिहिलंय. दुखत नाही." सोडलं. मग एक पांढऱ्या टोपीवाला, "सरपंचाविरुद्ध तक्रार." आणि त्याच्या मागचा, "मी सरपंच. त्याच्याच संगं चाललोय, एकट्याला तहसील सापडायचं न्हाई." सगळे पलीकडच्या दारातून बाहेर पडले, वळसा घालून आलेल्या जीपमध्ये बसले आणि निघून गेले.

अगं बाई! मी कमरेवर हात ठेवून बाळासाहेबांकडं वळले. "हे काय आहे?"

"वहिवाट," ते म्हणाले. "जाहिरातीत लिवलंय की, चालू हाय म्हणून."

वहिवाट मी वाचली होती हो, पण मला वाटलं असेल परसातून एखादी पायवाट. घराच्या पोटातून अख्खं गाव जातं असं कोण समजेल?

मग चहा पिता पिता सगळी हकिगत कळली. बाळासाहेबांचे पणजोबा इथं करोडगिरीचे कारकून. तेव्हा गाव झाडून खोटं बोलायचं. पाळण्यात पोराच्या खाली गुळाची ढेप, ढोलकीत तंबाखू, नवरीच्या लुगड्याखाली आणखी तीन लुगडी. पुढं मोगलाई गेली, नाका उठला. पण पणजोबांना खुर्चीवरून उठा असं सांगायला कुणी आलंच नाही. ते बसून राहिले, विचारत राहिले. आणि समोरच्यानं विचारल्यावर उत्तर न देणं बरं दिसतं का? लोक सांगत राहिले. "पर एक झालं," बाळासाहेब म्हणाले. "जकातच न्हाई, तर खोटं कशापायी बोलायचं? तवापास्नं नाक्यावर खरंच बोलायचं. बाकी गावभर बोला काय बोलायचं त्ये."

"आणि 'सोडलं' म्हणेपर्यंत?"

"तवर मानूस गेलं असं धरत न्हाईत. ज्यानं इचारलं त्यानंच सोडायचं. दुसऱ्याचं चालत न्हाई."

विकायचं का, तर दुकान सांभाळून खुर्ची होत नाही. गेल्या हंगामात ऊसतोडीची माणसं कारखान्याहून परत आली तेव्हा बाळासाहेब गिऱ्हाइकात अडकलेले. खुर्ची रिकामी. माणसं दारात थांबली, हाका मारल्या, शेवटी पोरं रडायला लागली तशी आत आली. "त्यातली निम्मी अजून म्हनत्यात, आमी आलोच न्हाई," बाळासाहेब मान हलवत म्हणाले. एक मुंबईचे साहेब हॉटेल काढायला म्हणून घर बघून गेले होते, दुप्पट द्यायला तयार होते. पण त्यांना एक दार भिंत घालून बंद करायचं होतं. "एक दार बंद केल्यावर नाका कुठं ऱ्हायला? निस्तं घर झालं की वो!" म्हणून त्यांना नाही म्हणून सांगितलं.

मला मनातून बरंच वाटलं. असल्या घराला नाही म्हणायला कारण शोधावं लागणार नव्हतं. कारणच रोज सकाळी आपल्या पायांनी चालत येणार होतं.

"येक रात राहून बघा," असं म्हणून बाळासाहेब सतरंज्या देऊन गेले. झोप छान लागली, कौलं नाहीत तिथून वारा येतो.

सकाळी मी मधल्या खोलीत वेणी घालत होते. तोंडात आकडे, एका हातात पेड. वर बघते तर समोर म्हैस. म्हशीमागं एक आजोबा, दावं धरून, अदबीनं उभे.

"जा ना," मी आकड्यांमधून म्हटलं.

"इचारल्याबिगर कसं जाऊ, बाई?"

"अहो, मला नाही विचारायचं!"

"मग आमी थांबतो," आजोबा म्हणाले, आणि खरंच थांबले. म्हैसही थांबली. तिनं माझा टॉवेल चघळायला घेतला.

तेवढ्यात विहिरीवरून हे धावत आले. अंगावर पंचा, कानात साबण, अशा अवतारात जाऊन खुर्चीवर बसले. पाठ ताठ झाली. "काय नेताय?"

"एक म्हैस. इंजेक्शन द्यायला. तिला वाटतंय चरायला चाललोय."

"कमरेला काय आहे?"

आजोबांनी जीभ चावली. "तंबाखू. सांगायची ऱ्हायली."

"पुढच्या वेळी आधी सांगा. सोडलं!"

तो आवाज मी कैक वर्षांनी ऐकला. लग्नानंतर पहिल्यांदा ह्यांना डबा द्यायला नाक्यावर गेले होते, तेव्हा दहा चाकांचा ट्रक ह्या आवाजानं जागच्या जागी थांबला होता. त्या दिवशी मला माझा नवरा लई आवडला होता. हे सगळं त्या म्हशीपुढं आठवलं आणि मी टॉवेल ओढून घेतला, कारण दुसरं काय करणार?

बातमी गावभर झाली. नवीन साहेब खोलात जाऊन विचारतात! ज्यांना कुठंही जायचं नव्हतं ती माणसंही आली. एक बाई घरातून पीठ घेऊन शेजारणीकडं निघाली होती, शेजारीण नाक्याच्या अलीकडंच राहते, तरी आली नाक्यातून वळसा घालून. गुरुजी परत आले, "काय आणलं?" विचारल्यावर म्हणाले, "आता खरंच पोट दुखतंय." हे हसले. दात दिसेपर्यंत हसले. मी स्वयंपाकघरात चहावर चहा करत होते आणि माझा नकार पदराच्या गाठीत सांभाळत होते. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण लिफ्टला असतं.

दुपारी बाळासाहेब परत आले आणि त्यांच्या मागोमाग ऊसतोडीला निघालेल्या टोळ्यांचे ट्रॅक्टर आले. भांडी, बाजा, कोंबड्या, ताडपत्र्या भरलेल्या ट्रॉल्या डांबरी रस्त्यानं पुढं गेल्या आणि माणसं नाक्यातून आली. आता कुणी हसत नव्हतं. "दोन कोयते, एक कोंबडी, आईचं औषध." सोडलं. "कोयता, रेशनची पिशवी, बायकोशी भांडण." सोडलं. "पोटात सातवा महिना." सोडलं.

शेवटी एक तिशीची बाई आली. सुमन नाव. हातात फक्त एक पाण्याची कॅन.

"काय नेताय?"

"पानी," ती म्हणाली. मग खाली बघत म्हणाली, "आन् पोरगी. न्हेत न्हाई तिला. यंदापास्नं शाळंसाठी तिच्या मावशीपाशी ठिवली. पर संगंच हाय."

ह्यांनी तोंड उघडलं 'सोडलं' म्हणायला. त्याआधीच तिनं विचारलं, "गुढीपाडव्याला आमी माघारी येऊ, तवा तुमी असाल का हितं इचारायला?"

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी हातातल्या गाळणीकडं बघितलं. बाहेर ट्रॅक्टर हॉर्नवर हॉर्न मारत होता. नाक्यावर खोटं बोलायचं नाही, आणि खरं काय ते ह्यांना ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. हॉर्न पुन्हा वाजला तशी सुमन कॅन उचलून दुसऱ्या दारानं गेली.

"सायेब," बाळासाहेब हळूच म्हणाले, "तिला सोडलं म्हनायचं ऱ्हायलं."

"ठाऊक आहे मला," हे म्हणाले. त्यानंतर ह्यांनी कुणाला काही विचारलं नाही. खुर्चीवरून उठले आणि माझ्या पिशव्या गाडीत ठेवायला लागले. "निघू या का?" "निघू की." झालं, पुन्हा तेच.

निघायचं म्हणजे आम्हालाही नाक्यातून चालत जावं लागणार. गाडी गावाच्या बाजूला लावलेली होती, ती बाळासाहेबांच्या पुतण्यानं वळसा घालून पलीकडं नेली. बाळासाहेब खुर्चीवर बसले.

"काय नेताय, सायेब?"

"काही नाही."

"नाक्यावर खोटं बोलत न्हाईत."

"खरंच काही नाही हो," हे म्हणाले. "नाका सुटल्यापासून मी कुणाला काही विचारत नाही आणि कुणी माझी वाट बघत नाही. काल-आज विचारलं. ते इथलं होतं, इथंच राहिलं. मी रिकामा चाललोय."

इतकी वर्षं एका घरात काढली, पण हे मला कधी सांगितलं नव्हतं. मला कुठं विचारायला सुचलं होतं म्हणा! मी भाजी विचारत बसले. तेवढ्यात बाळासाहेब माझ्याकडं वळले, "आन् बाई, तुमी काय नेताय?"

"दोन पिशव्या," मी म्हटलं. "चघळलेला टॉवेल. आणि एक नकार. पुण्याहून बांधून आणला होता, अजून सोडलेला नाही."

बाळासाहेब खुर्चीत पुढं सरकले. "मग त्याचं काय करायचं?"

मी ह्यांच्याकडं बघितलं. एक खांदा जरा खाली, गाडीच्या किल्लीशी चाळा. पदरी पडलं पवित्र झालं म्हणतात, पण पदरी पडलेलं अधूनमधून झटकून बघावं लागतं.

"जप्त करा," मी म्हटलं.

बाळासाहेबांनी दोन्ही हात पुढं करून काहीतरी जड घेतल्यासारखं केलं, ओट्याखाली ठेवलं, हात झटकले आणि म्हणाले, "सोडलं. दोघास्नी बी."

जामखेडला पेढे घेतले, खरपूस खव्याचे, पावकिलो म्हणता म्हणता एक किलो. राशीनपर्यंत हे एक अक्षर बोलले नाहीत. राशीनला म्हणाले, "कौलं जुनीच बघू. नवी तापतात." तिथून पुण्यापर्यंत तोंडाला खंड नाही. हडपसरच्या ट्रॅफिकमध्ये तर म्हणाले, मधल्या खोलीत रांगेसाठी बाक टाकू. मी म्हटलं टाका, पण न्हाणीघर आधी.

आता घरी परत येऊन तिसऱ्या मजल्यावर बसून हे लिहितेय. गुडघे अजून बोलतात. लेकीनं फोनवर विचारलं, "आई, नाही म्हणून आलीस ना?" म्हटलं, नकार जप्त झाला. तिला वाटलं मला उन्हाचा त्रास झालाय. कुणाला असलं जुनं घर घ्यायचं असेल तर माझा एकच सल्ला. कौलं, तुळया, विहीर हे सगळं माणसं बघतातच, पण जाहिरातीतला सगळ्यात बारीक शब्द आधी विचारा. आणि एक रात्र राहून बघा. आम्ही डिसेंबरात मुक्काम हलवतोय. इथला फ्लॅट भाड्यानं देऊ, लिफ्ट राहिली. चौकीवाडीत तरी जिना कुठं आहे?

पण एक गोष्ट मनात रुतून बसली होती. रोज जेवताना ह्यांचा घास मध्येच थांबायचा आणि मला कळायचं, सुमन आठवली. शेवटी मी बाळासाहेबांना फोन लावला. तिचा मोबाईल त्यांनीच दुरुस्त केलेला, नंबर होता. आठ दिवस झाले होते. मी सुमनला फोन लावला, स्पीकरवर टाकला. पलीकडं वारा, माणसांचा गलका, कुणाचं तरी पोर.

"सुमन ना? चौकीवाडीच्या नाक्यावरून बोलतोय आम्ही," मी म्हटलं, आणि फोन ह्यांच्यापुढं सरकवला.

ह्यांनी पाठ ताठ केली. घरातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, बनियनमध्ये. "पाडव्याला आम्ही असणार," हे म्हणाले. "काय आणलं ते विचारायला." मग घसा साफ केला. "सोडलं."



"लई बरं झालं, सायेब," सुमन म्हणाली. "आठ दिस झालं, दारातच हुबी हुते."